शेल मऊ की कठीण? प्रश्नच जरा बदलूया



आज मी माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करणार आहे. सहावीच्या भूगोलात आपण खडकांचे प्रकार शिकवतो. अग्निज, गाळाचे, रूपांतरित. गाळाच्या खडकांत वाळूचा खडक, चुनखडक आणि पंकाश्म म्हणजेच शेल. चाचणीत मी एक सोपा प्रश्न घातला होता : "शेल हा मऊ खडक आहे की कठीण?" अपेक्षित उत्तर एका शब्दाचं. एका मुलीने लिहिलं, "कोरडा असला की टिकतो, ओला झाला की सुटतो." मी त्यावर लाल रेघ मारली. गुण शून्य.

आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, कोळसा खाणींच्या पट्ट्यात आहे. त्या मुलीचे वडील भूमिगत खाणीत ड्रेसर आहेत. ड्रेसर म्हणजे काम सुरू होण्याआधी लांब पहारीने खाणीचं छत ठोकून पाहणारा आणि सुटलेला दगड आधीच पाडून टाकणारा कामगार. पालकसभेला ते आले, पेपर पाहिला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, गुणाचं काही नाही. पण तिनं लिहिलं ते खरं आहे. आमच्या डोक्यावर शेलच असतो. ठोकला की छत बोलते. भरीव बोलली तर ठीक, पोकळ बोलली तर मागे सरायचं. पावसाळ्यात जास्त जपावं लागते."

मी पेपर परत घेतला आणि गुण दिला. पण खरं सांगू का, तो एक गुण देऊन माझं समाधान झालं नाही. मी इतकी वर्षं मुलांना एका खडकाला एकच विशेषण चिकटवायला शिकवत होते. खडकाची ताकद त्यात काय आहे, ते कसं रचलंय, तो कुठे आहे आणि त्यावर जोर कोणत्या दिशेने येतो यावर ठरते. हे आपण शिकवलं पाहिजे, असं माझं आता ठाम मत आहे. आणि त्यासाठी सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असलेल्या काळ्या शेलइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

शेल तयार कसा होतो?

तळं, खाडी किंवा खोल समुद्र अशा संथ पाण्यात अगदी बारीक चिखल खाली बसतो. त्यातले चिकणमातीचे कण ०.००४ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. आकाराने ते गोल नसून पापुद्र्यासारखे चपटे असतात. वर आणखी गाळ साचत जातो, त्याच्या वजनाने पाणी पिळून निघतं आणि हे चपटे कण एकमेकांवर आडवे निजतात, वहीची पानं निजतात तसे. म्हणून शेलवर टाचणी किंवा छिन्नी बाजूने लावली की तो पानासारखा सुटतो. पृथ्वीवरच्या गाळाच्या खडकांत निम्म्याहून जास्त वाटा याच कुळातल्या बारीक कणांच्या खडकांचा आहे. तरी आपल्या पाठात त्याला मिळते एक ओळ!

आता काळा शेल. पाण्याच्या तळाशी प्राणवायू कमी असेल तर मेलेली शेवाळं, पानं, सूक्ष्मजीव पुरते कुजत नाहीत. ते चिखलाबरोबर गाडले जातात आणि खडकाला काळा रंग येतो. आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा आणि त्याच्यासोबतचा काळा शेल हा गोंडवाना काळातला, साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतला. गोंडवाना काळातल्या शेलमध्ये ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. आमच्याकडची मुलं कोळसा समजून असा काळा दगड घरी आणतात. शेगडीत टाकला तर तो थोडा धुमसतो, आणि निम्म्याहून जास्त दगड तसाच मागे उरतो. म्हणजे तो कोळसा नव्हता, सेंद्रिय द्रव्य मिसळलेला शेल होता. पहिला धडा घरच्या शेगडीनेच दिला म्हणा ना!

आत काय आहे? आणि ते कसं मांडलंय?

प्रयोगशाळेत साध्या शेलचं रासायनिक पृथक्करण केलं तर सिलिका ६० टक्क्यांच्या आसपास आणि अॅल्युमिना १५ टक्क्यांच्या आसपास मिळतं. उरलेल्या भागात लोह, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पाणी वगैरे. पण गंमत इथेच आहे. नुसत्या या आकड्यांवरून तो खडक किती मजबूत हे सांगता येत नाही.

असं का? कारण सिलिका दोन रूपांत असू शकते. एक गारगोटीच्या म्हणजे क्वार्ट्झच्या कणांत. तिथे अणू चहूबाजूंनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. दुसरी चिकणमातीच्या खनिजांत. तिथे तेच अणू पातळ पत्र्यांत मांडलेले असतात आणि पत्रे एकमेकांवरून सरकू शकतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना हिरा आणि ग्राफाइट आपण शिकवतोच. मूलद्रव्य एकच, मांडणी वेगळी, गुणधर्म दोन टोकांचे. शेलचंही तसंच आहे. क्वार्ट्झ आणि कॅल्साइट जास्त असलेला शेल ताठ आणि ठिसूळ असतो, चिकणमातीची खनिजं जास्त असलेला शेल लवचीक आणि पाण्याला भिणारा असतो. त्यातही काही चिकणमाती खनिजं पाणी शोषून फुगतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, ती याच गटातल्या खनिजांमुळे.

म्हणून शेलची ताकद सांगताना एकच आकडा देता येत नाही. काही शेल दहा मेगापास्कल दाबाच्या आतच चुरडतात, तर काही शंभराच्याही पुढे टिकतात. तुलनेसाठी सांगते : घराच्या स्लॅबसाठी जे एम-२० काँक्रीट म्हणतात, त्यातला २० हा आकडा मेगापास्कलचाच आहे. म्हणजे एकाच 'शेल' नावाखाली स्लॅबपेक्षा निम्म्या ताकदीचा दगडही येतो आणि पाचपट ताकदीचाही. मग मुलांनी 'मऊ' लिहायचं की 'कठीण'?

पाच टक्के म्हणजे थोडेच ना?

आता सेंद्रिय द्रव्याकडे वळू. खडकात गाडलेल्या या द्रव्याला केरोजेन म्हणतात. पुस्तकात 'सेंद्रिय द्रव्य ५ टक्के' असं वाचलं की ते फारच कमी वाटतं. पण हे टक्के वजनाचे असतात. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्या.

समजा १०० ग्रॅम शेल आहे. त्यात ५ ग्रॅम केरोजेन आणि ९५ ग्रॅम खनिजं. केरोजेनची घनता सुमारे १.२५ धरू, खनिजांची सुमारे २.७. मग केरोजेनचं आकारमान ४ घन सेंमी आणि खनिजांचं सुमारे ३५ घन सेंमी. एकूण ३९. म्हणजे आकारमानाने केरोजेन झालं १० टक्के! वजनाने पाच, पण जागा व्यापली दहा टक्के.

आणि ही जागा कुठे असते? बहुतेक वेळा थरांच्या दिशेने, बारीक पट्ट्यांत आणि चपट्या डागांत. केरोजेन खनिजांपेक्षा कितीतरी मऊ असतं. त्यामुळे खडकाचा ताठपणा कमी होतो, आणि थर जिथून सुटायचे तिथेच त्याची कमजोर रेघ तयार होते. एकूण सेंद्रिय द्रव्य सारखं असलेले दोन शेल या पसरणीमुळे वेगवेगळे वागू शकतात. इथे पुन्हा तेच : काय आहे एवढं पुरत नाही, कसं आहे तेही विचारावं लागतं.

जोर कोणत्या बाजूने?

शेलचा एक तुकडा थरांना काटकोनात दाबला तर तो बराच जोर सोसतो. थरांच्या दिशेने उभा दाबला तरी बऱ्यापैकी सोसतो. पण थर तिरके असतील, म्हणजे दाबाच्या दिशेशी साधारण ३० अंशांचा कोन करत असतील, तर थर एकमेकांवरून घसरतात आणि तोच खडक सर्वांत कमी जोरात मोडतो. दगड तोच, यंत्र तेच, फक्त तुकडा फिरवला!

खाणीच्या छतात आणखी एक गोष्ट घडते. तिथे थर तुळईसारखे आडवे पेललेले असतात. एक जाड फळी घ्या आणि तेवढीच जाडी होईल अशा दहा पातळ फळ्या सुट्या एकमेकांवर ठेवा. लाकूड तेवढंच. पण वाकण्याला विरोध जाडीच्या घनाच्या पटीत बदलतो, म्हणून दहा सुट्या फळ्या मिळून त्या एका जाड फळीच्या शंभराव्या भागाइतक्याच ताठ भरतात. पातळ थरांचा शेल छताला आला की तो का लोंबतो, हे या एका हिशेबात कळतं. खाणीत छताला लांब बोल्ट मारतात ते यासाठीच. सुटे थर एकत्र शिवून त्यांची पुन्हा जाड फळी करायची.

आपल्या देशात कोळसा खाणींच्या छताची प्रतवारी करायला धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेत विकसित झालेली पद्धत वापरतात. ती १०० गुणांची असते. थरांच्या जाडीला ३० गुण. भेगा आणि इतर रचनेला २५. हवा-पाण्याने सुटण्याच्या प्रवृत्तीला २०. खडकाच्या ताकदीला १५. झिरपणाऱ्या पाण्याला १०. पाहिलंत? ज्या ताकदीवर मी अख्खा प्रश्न काढला होता, तिला शंभरातले फक्त पंधरा! आणि माझ्या विद्यार्थिनीने जे लिहिलं होतं, त्या पाण्या-हवेच्या परिणामाला त्याहून जास्त. भूमिगत कोळसा खाणींतल्या जीवघेण्या अपघातांत छत कोसळणं हे वर्षानुवर्षं एक प्रमुख कारण राहिलं आहे. म्हणजे तिच्या उत्तरात तिच्या वडिलांच्या जिवाची काळजी होती, आणि मी तिथे शून्य दिला होता.

जिथे खडक मोडायलाच हवा असतो

खाणीत छत मोडू नये म्हणून सगळी धडपड. पण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थ शहराच्या परिसरात, जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर बार्नेट नावाचा काळा शेल आहे. तिथे उलटा प्रश्न होता : हा खडक मोडायचा कसा? कारण त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत नैसर्गिक वायू अडकलेला होता. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ मध्ये तिथे पहिली विहीर घेतली. परवडेल असा मार्ग सापडायला १९९० च्या दशकाचा शेवट उजाडला. मोठ्या दाबाने पाणी आणि वाळू आत सोडून खडकाला भेगा पाडायच्या आणि त्या भेगांतून वायू बाहेर काढायचा.

हे तिथे जमलं, त्यात खडकाच्या घटकांचा मोठा वाटा होता. बार्नेट शेलमध्ये क्वार्ट्झ भरपूर आहे, आणि त्यातला काही भाग चक्क समुद्री सूक्ष्मजीवांच्या आणि स्पंजांच्या सिलिकामय सांगाड्यांपासून आलेला आहे. असा खडक शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा कडकन मोडतो आणि भेगा उघड्या राहतात. चिकणमाती जास्त असलेला शेल मात्र मळलेल्या कणकेसारखा वागतो. भेग पाडली तरी ती हळूहळू मिटते, आणि आत सोडलेली वाळूही त्यात रुतून बसते. म्हणून तिथले अभ्यासक एक साधा भागाकार वापरू लागले : वर क्वार्ट्झ, खाली क्वार्ट्झ अधिक कार्बोनेट अधिक चिकणमाती. जे येईल तो ठिसूळपणाचा निर्देशांक. सातवीच्या मुलाला जमेल असं हे गणित आहे.

इथे एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. ठिसूळ म्हणजे कमजोर नव्हे. चिक्की कणकेपेक्षा कितीतरी कडक असते, पण वाकत नाही, मोडते. मजबूत, कडक, ठिसूळ, मऊ हे चार शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मराठीत चार शब्द आहेत ते चार वेगळ्या गोष्टींसाठीच, हे मुलांना दाखवून दिलं तर विज्ञान आणि भाषा दोन्ही शिकवल्यासारखं होईल.

आणि जिथे दगडाने घरं तडकली

पालकांना वाटेल, खाण आणि वायूविहिरीशी आमचा काय संबंध? तर हे घरांचं उदाहरण पाहा. आयर्लंडमध्ये डब्लिन आणि आसपासच्या भागात २००० च्या दशकात घरांची जोरात बांधकामं झाली. जमिनीच्या स्लॅबखाली भराव म्हणून काही ठिकाणी खाणीतला गडद, चुनायुक्त पंकाश्म वापरला गेला. शेलचाच भाऊबंद. दगड टाकताना चांगला घट्ट होता. पण त्यात पायराइट होतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं सोनेरी खनिज. प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात ते हमखास तयार होतं.

पुढे हवा आणि ओल लागली. पायराइटपासून गंधकाम्ल तयार झालं, त्या आम्लाची दगडातल्याच कॅल्साइटशी क्रिया झाली आणि जिप्सम तयार झालं. कॅल्साइटच्या जागी जिप्सम आलं की आकारमान जवळपास दुप्पट होतं. भराव फुगला, जमिनी उचलल्या गेल्या, भिंती तडकल्या, दारं अडकू लागली. २०१२ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीने ७४ वसाहतींतल्या सुमारे १२ हजार घरांना धोका असू शकतो असं नोंदवलं, आणि २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. उपाय काय? स्लॅब फोडून सगळा भराव काढायचा आणि चांगला दगड भरायचा. ज्या दिवशी दगड टाकला त्या दिवशी त्याच्या ताकदीची परीक्षा घेतली असती, तर तो कदाचित पासही झाला असता. त्याच्या घटकांकडे पाहिलं असतं तर पुढचं कळलं असतं.

वर्गात काय करता येईल?

खर्चिक काहीच नको. मी सध्या हे करते :

१. पाण्याचा ग्लास : शेलचा छोटा तुकडा आणि बेसाल्टचा (आपल्या काळ्या दगडाचा) तुकडा दोन ग्लासांत पाण्यात ठेवायचे. शेल मिळत नसेल तर तळ्याकाठचा वाळलेला चिखलाचा पापुद्रा चालेल. दहा मिनिटांनी, तासाभराने, दुसऱ्या दिवशी काय दिसलं ते मुलांनी लिहायचं. तुकडे बाहेर काढून वाळवून पुन्हा बुडवायचे.

२. वहीची पानं : वीस सुटे कागद दोन डस्टरांवर पुलासारखे ठेवा आणि वर खडू ठेवत जा. मग तेच कागद खळ लावून चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा करा. किती खडू पेलले, याची नोंद. छताला बोल्ट का मारतात हे विचारा. उत्तर मुलंच देतात.

३. बिस्किटांची चवड : क्रीमची बिस्किटं एकावर एक ठेवून आधी वरून दाबा, मग चवड तिरकी धरून दाबा. कुठून घसरलं? क्रीम म्हणजे आपलं केरोजेन. हा प्रयोग मुलं कधीच विसरत नाहीत, कारण नंतर तो खाता येतो.

४. केरोजेनचं गणित : वर दिलेला हिशेब २, ५ आणि ८ टक्क्यांसाठी करायला द्या.

खाणपट्ट्यातल्या शिक्षकांना एक विनंती. नमुने आणायला मुलांना खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर कधीही पाठवू नका. ते ढिगारे घसरतात. एखाद्या पालकांकडून दोन तुकडे मागवले तरी वर्षभर पुरतात.

"पण वेळ कुठे आहे?"

हा आक्षेप मला माहीत आहे, कारण मीच तो आधी घेत होते. अभ्यासक्रम पूर्ण करायचा, नोंदी भरायच्या, परीक्षा घ्यायच्या. शिवाय लहान मुलांना सोपं करून सांगावंच लागतं, 'शेल मऊ असतो' ही सुरुवात म्हणून वाईट नाही, असंही कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. बेसाल्टशेजारी ठेवला तर बहुतेक शेल मऊच ठरेल. माझं म्हणणं इतकंच की सोपं करताना वाक्य पुढे उघडं ठेवावं. 'शेल बहुतेक वेळा मऊ असतो. कशावरून ठरतं ते पाहू.' एवढा बदल करायला वेळ लागत नाही. वरच्या चारपैकी एकच प्रयोग केला तरी एक तास पुरतो. आणि चाचणीत 'मऊ की कठीण' विचारण्याऐवजी 'शेलची ताकद कोणकोणत्या गोष्टींवर ठरते? कोणत्याही दोन सांगा' असं विचारलं, तर तपासायलाही तेवढाच वेळ लागतो.

पालकहो, तुमच्यासाठीही एक सांगणं आहे. तुम्ही गवंडी असाल, विहिरी खोदत असाल, खाणीत असाल, शेतात असाल, तर दगड-मातीबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते मुलांना सांगा. पुस्तकात नाही म्हणून ते चूक नसतं. आणि मुलाच्या पेपरात तुम्ही सांगितलेलं उत्तर चुकीचं ठरलं असेल, तर शाळेत येऊन विचारा. त्या ड्रेसर बाबांनी विचारलं नसतं, तर माझा प्रश्न आजही तसाच राहिला असता.

या वर्षी खडकांच्या पाठाच्या दिवशी मी वर्गात जुनी दगडी पाटी घेऊन गेले होते. शेलवर पृथ्वीच्या पोटात आणखी दाब आणि उष्णता आली की त्याचा स्लेट होतो, आणि त्याचीच ही पाटी. मुलांनी ती हातात घेतली, टिचकी मारून आवाज ऐकला. ती मुलगी आता सातवीत आहे. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. छत ठोकून कसं ऐकतात, ते तिने त्या पाटीवर टकटक करून सगळ्यांना दाखवलं. त्या दिवशी पाठ तिनेच शिकवला, असं म्हटलं तरी चालेल.